निर्वासितांबद्दलचे निर्णय आणि निर्वासितांच्या संस्था: बैठकीला बोलावणे पुरेसे आहे का?

पिंपळपान (धागाकर्ती)

मंडळी, २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मी बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात एका मदतसंस्थेच्या देखरेख विभागात काम करत होते. कुतुपालोंगच्या छावणीत आम्ही दर महिन्याला म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या कुटुंबांशी ‘सल्लामसलत’ करत असू. बांबू आणि ताडपत्रीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे चटईवर बसत. आमच्या हातात वरच्या कार्यालयातून आलेली छापील प्रश्नावली असे आणि दुभाषा चाटगावी बोलीत प्रश्न विचारत असे. चाटगावी आणि रोहिंग्या या बोली जवळच्या असल्या तरी एक नाहीत, त्यामुळे मागच्या रांगेतील बायका शेजारणीला दबक्या आवाजात ‘काय म्हणाला?’ असे विचारत आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न आलेला असे. एकदा एका वयस्कर गृहस्थांनी मला थांबवून विचारले की, शौचालयांपाशी रात्री दिवा नसतो हे आम्ही मागच्या वेळी सांगितले होते, त्याचे पुढे काय झाले? माझ्याकडे उत्तर नव्हते. आमचा अहवाल वर गेला होता आणि त्यातली एकही ओळ त्या खोलीत परत आलेली नव्हती.

हा धागा त्या प्रश्नामुळे काढत आहे. निर्वासितांनी स्वतः उभारलेल्या आणि स्वतः चालवलेल्या संस्थांना मदतीच्या धोरणात स्थान द्यावे, असे आता सगळेच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी १८१ मतांनी मान्य केलेल्या निर्वासितविषयक जागतिक करारातही निर्वासितांच्या अर्थपूर्ण सहभागाचा उल्लेख आहे, आणि भारतानेही त्याच्या बाजूने मत दिले होते. माझे म्हणणे असे आहे की, मत विचारणे आणि निर्णयात वाटा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषयपत्रिका कोण ठरवतो, पैसा कोणाच्या खात्यात जातो आणि ‘नाही’ म्हटल्यावर काही थांबते का, या तीन गोष्टी बदलल्याशिवाय सहभाग हा शब्द कागदावरच राहतो.

रोहिंग्यांच्या बाबतीत काय घडले ते पाहा. ६ जून २०१८ रोजी यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था), यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि म्यानमार सरकार यांनी परतपाठवणीसंबंधी सामंजस्य करार केला. ज्यांना परत पाठवायचे होते त्यांना त्याच्या वाटाघाटीत स्थान नव्हते, आणि करार प्रसिद्धही केला गेला नाही. महिनाअखेरीस मसुदा इंटरनेटवर फुटला, तेव्हा त्यात नागरिकत्वाची किंवा देशभर मोकळेपणाने फिरण्याची स्पष्ट हमी नसल्याचे लोकांना कळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या ओळखपत्रांवर ‘रोहिंग्या’ हा शब्द नाही म्हणून छावण्यांत काम बंद ठेवून निषेध झाला. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी पहिल्या तुकडीची परतपाठवणी ठरली होती, पण एकही कुटुंब जायला तयार झाले नाही. २२ ऑगस्ट २०१९ रोजी ३,४५० जणांची यादी हाती घेऊन बसगाड्या छावणीपाशी उभ्या केल्या, आणि त्या रिकाम्याच परत गेल्या. दोन सरकारे आणि संयुक्त राष्ट्रे यांची एवढी खटपट कशामुळे फसली? छावणीतील कोणत्याही चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाने ती फसण्याचे कारण आधीच सांगितले असते.

ते सांगणारी संघटनाही होती. मोहिबुल्लाह हे शिक्षक आणि त्यांची ‘अराकान रोहिंग्या सोसायटी फॉर पीस अँड ह्युमन राइट्स’ ही संस्था झोपडी-झोपडी फिरून मारल्या गेलेल्यांच्या याद्या करत होती. मार्च २०१९ मध्ये ते जिनिव्हाला मानवाधिकार परिषदेसमोर बोलले आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला, म्हणजे २०१७ च्या हिंसाचाराच्या स्मृतिदिनी, त्यांच्या संस्थेने छावणीत प्रचंड मोठी सभा घेतली. त्यानंतर छावण्यांतील मोबाइल इंटरनेट जवळजवळ वर्षभर बंद राहिले. २९ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांची त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घालून हत्या झाली. त्यांना बोलायला बोलावणारे पुष्कळ होते. त्यांच्या जिवाची जबाबदारी मात्र कोणीच उचलली नाही.

आपल्यापैकी कोणी पुनर्वसन, स्वयंसेवी संस्था किंवा लेखापरीक्षण या क्षेत्रांत काम केले असेल, तर अनुभव जरूर लिहा. असहमती असली तरी स्वागत आहे.

कोरडवाहू

धागा काढल्याबद्दल आभार. मी उमरग्याचा. निर्वासितांबद्दल मला विशेष माहिती नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे आमच्या भागातले पुनर्वसन मी जवळून पाहिले आहे, आणि तुमचा मुद्दा तेथे तंतोतंत लागू पडतो.

पूर्णपणे स्थलांतरित केलेल्या ५२ गावांत घरे पक्की झाली, परंतु आखणी शहरासारखी सरळ रेषांची झाली. वाडा, अंगण, गुरांची जागा आणि भावकीची आळी यांचा विचार फारसा झाला नाही. याउलट ज्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, तेथे १९९४ नंतर शासनाने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचे काम दिले आणि हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहाय्यक’ नेमल्या गेल्या. माझी चुलती त्यांपैकी एक होती. हप्ता कोणाचा अडला, सिमेंटचे पोते किती रुपयांना मिळाले, कोपऱ्याला बांधणीचा दगड घातला की नाही, हे ती वहीत लिहून तालुक्याच्या बैठकीत अभियंत्यासमोर वाचून दाखवत असे. तिला प्रश्न विचारायला नव्हे, तर उत्तर मागायला तेथे बसवले होते, हा फरक मला आज तुमच्यामुळे शब्दांत सापडला. पुढे २००१ च्या भूकंपानंतर यांपैकी काही बायका कच्छमध्ये तेथील बायकांना शिकवायला गेल्या.

तरीही एक शंका आहे. माझी चुलती मतदार होती, त्यामुळे अभियंत्याला आणि आमदाराला तिचे ऐकावे लागत होते. निर्वासिताला त्या देशात मत नसते. मग तेथील सरकारने त्याच्या संस्थेला निर्णयात वाटा का द्यावा?

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे आणि गेली बावीस वर्षे स्वयंसेवी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. धागाकर्तीच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण व्यवहाराच्या बाजूने तीन गोष्टी मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट प्रातिनिधिकतेची. छावणीतील एखादी संस्था सर्वांच्या वतीने बोलते हे कशावरून ठरवायचे? निर्वासित समाजातही जात, टोळी, पक्ष, गाव आणि भाषा यांची भांडणे असतात, आणि ज्याला इंग्रजी येते तोच परदेशी पाहुण्यांसमोर पुढे येतो. बायका, अपंग आणि अल्पसंख्य गट मागेच राहतात. दुसरी गोष्ट हिशेबाची. देणगीदाराचा पैसा हा शेवटी कोणत्या तरी देशातील करदात्यांचा असतो, आणि ज्या संस्थेकडे नोंदणी नाही, तीन वर्षांचे ताळेबंद नाहीत आणि बँक खाते अध्यक्षाच्या मेहुण्याच्या नावावर आहे, तिला लाखो डॉलर देण्याची शिफारस कोणताही लेखापरीक्षक करणार नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. भारतापुरते बोलायचे तर आपण १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, आणि प्रत्येक संस्थेला दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडावे लागते. म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या संस्थेला दिल्लीतील म्यानमारच्या चिन समाजातील किंवा अफगाण निर्वासितांच्या छोट्या संस्थेला आपल्या परदेशी निधीतून वाटा द्यावासा वाटला, तरी ते बेकायदा ठरेल. सदिच्छेने हा अडसर दूर होत नाही.

पिंपळपान

कोरडवाहू, तुमच्या चुलतींची वही हे मला जे म्हणायचे होते त्याचे नेमके उदाहरण आहे. मताधिकाराच्या शंकेकडे नंतर येते. आधी जमाखर्च यांच्या मुद्द्यांना उत्तर देते, कारण ते खरे मुद्दे आहेत आणि मदतसंस्थांच्या बैठकांत मी ते अनेकदा ऐकले आहेत.

हिशेबाबद्दल. युगांडाकडे पाहा. आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासित, म्हणजे १७ लाखांहून अधिक, त्या एका देशात आहेत. २०१८ च्या सुरुवातीला तेथे निर्वासितांचे आकडे फुगवल्याचे आणि अन्नवाटपात गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले, सरकारी अधिकारी निलंबित झाले, आणि बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे तपासून फेरमोजणी केल्यावर १४ लाखांचा आकडा ११ लाखांच्या आसपास आला. जे काही घडले ते मोठ्या, नोंदणीकृत आणि लेखापरीक्षण होणाऱ्या व्यवस्थेत घडले. त्यानंतर कोणी असे म्हटले नाही की सरकारी खाती किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांना निर्णयातून वगळावे. व्यवस्था सुधारली आणि काम पुढे चालू राहिले, जे योग्यच होते. छोट्या संस्थेला मात्र गैरव्यवहाराच्या नुसत्या शक्यतेवरून उंबऱ्याबाहेर ठेवले जाते. विश्वासाची ही दोन मापे मला मान्य नाहीत.

शिवाय ‘तीन वर्षांचे ताळेबंद’ कोठून येणार? मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी वचन दिले की, २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट मार्गाने स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना मिळेल. २०२२ साली थेट मिळालेला वाटा सुमारे १.२ टक्के होता, आणि त्यात निर्वासितांच्या संस्थांच्या पदरात पडलेला हिस्सा त्याचाही लहानसा तुकडा होता. पैसा नाही म्हणून लेखापाल नाही, लेखापाल नाही म्हणून ताळेबंद नाही, आणि ताळेबंद नाही म्हणून पुन्हा पैसा नाही. कुतुपालोंगमध्ये निर्वासितांना कायद्याने नोकरी करता येत नसे, म्हणून त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणत आणि अकुशल कामाला तासाला सुमारे ५० टाका देत. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणे, वादळाची सूचना देणे आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणे ही कामे तीच माणसे करत होती. कामाची अडचण कधीच नव्हती. त्याच माणसांनी संस्था काढून अर्ज केला की मगच क्षमतेचा प्रश्न उपस्थित होत असे.

प्रातिनिधिकतेबद्दल तुमचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. २०१७ मध्ये रोहिंग्यांच्या छावण्यांत बांगलादेशी लष्कराने ‘माझी’ म्हणजे गटप्रमुख नेमले. ते निवडून आलेले नव्हते, त्यांत बहुतेक सगळे पुरुष होते, आणि रेशनच्या यादीत नाव घालण्यासाठी ते पैसे मागतात अशी तक्रार मी अनेक तोंडून ऐकली. बाहेरच्यांनी सोयीसाठी नेमलेला प्रतिनिधी आणि लोकांनी स्वतः उभारलेली संस्था यांची गल्लत होते ती अशी. युगांडात वसाहतींमध्ये निर्वासित कल्याण परिषदा निवडून येतात, आणि २०१८ पासून त्यांचे प्रतिनिधी ‘निर्वासित सहभाग मंच’ या नावाने एकत्र बसतात. त्यांतील दोघे सरकार, देणगीदार आणि संयुक्त राष्ट्रे असलेल्या राष्ट्रीय सुकाणू समितीत जातात. ही रचना परिपूर्ण आहे असे मी म्हणत नाही, परंतु कोणी कोणाला निवडले हे तेथे निदान सांगता येते.

नाईलकाठ

मी औषधांच्या व्यवसायानिमित्त अकरा वर्षे युगांडाच्या राजधानीत, कंपालात आहे. पिंपळपान यांनी मंचाबद्दल लिहिले आहे ते बरोबर आहे, पण त्यात एक मोठी फट आहे, ती म्हणजे शहरातील निर्वासित. वसाहतीत राहणाऱ्याला जमिनीचा तुकडा आणि रेशन मिळते. कंपालात येऊन राहणाऱ्याने स्वतःची सोय स्वतः पाहायची, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा शहरात सरकारने सुरू केलेल्या धान्यवाटपातून निर्वासित वगळले गेले.

त्या आठवड्यांत आमच्या भागात सर्वात आधी दारात पोहोचली ती निर्वासितांचीच माणसे. काँगोतून आलेल्या तरुणांनी २००७ मध्ये सुरू केलेली ‘यारीड’ ही संस्था येथे सुपरिचित आहे. फुटबॉल आणि इंग्रजीचे वर्ग यांपासून सुरुवात करून ती शिवणकाम आणि रोजगार प्रशिक्षणापर्यंत आली. अशा संस्थांकडे कोणत्या गल्लीत कोणती विधवा तीन मुलांसह राहते याची माहिती होती, कारण ती बाई त्यांच्याच वर्गात शिवण शिकत होती. माझ्या दुकानाच्या मागच्या चाळीत सोमाली, काँगोली आणि बुरुंडीची कुटुंबे राहत. एक काँगोली बाई रोज सकाळी हातात शाळेची वही घेऊन फिरत असे आणि प्रत्येक दारावर खडूने खूण करत असे: पीठ मिळाले की एक रेघ, औषध हवे असेल तर फुली. फुल्यांची यादी ती माझ्याकडे आणत असे आणि जमेल तेवढे मी देत असे. तिच्या संस्थेला त्या वर्षी कोणत्याही मोठ्या निधीतून काही मिळाल्याचे मला दिसले नाही.

मे २०२५ मध्ये निधीअभावी युगांडातील सुमारे दहा लाख निर्वासितांचे अन्नसाहाय्य बंद झाले. कोणत्या गटाला वगळायचे याचे निकष वरून आले. अशा वेळी पहिला शिव्याशाप वसाहतीतील निर्वाचित प्रतिनिधीला ऐकावा लागतो, कारण दारात तोच उभा असतो. निर्णयात वाटा नाही आणि निर्णयाचा रोष मात्र पूर्ण, अशी ही अवस्था आहे. कपातीच्या काळात सहभाग ही चैन आहे असे काही जण म्हणतात. मला तर कपातीच्या काळातच तो सर्वाधिक आवश्यक वाटतो, कारण उपाशी कोण राहणार हे तेव्हा ठरत असते.

मरीना

चर्चा आफ्रिकेपर्यंत पोहोचली, पण आपल्याच देशातील उदाहरण राहून गेले, म्हणून लिहिते. मी लग्नानंतर चेन्नईत आले आणि येथे शिक्षिका आहे. जुलै १९८३ च्या हिंसाचारानंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी १९८४ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर ईलम रेफ्युजीज रिहॅबिलिटेशन’ ही संस्था काढली. संस्थापक एस. सी. चंद्रहासन हे श्रीलंकेतील ज्येष्ठ तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र. चाळीस वर्षांहून अधिक काळ निर्वासितांनी निर्वासितांसाठी चालवलेली ही संस्था आहे, हे जमाखर्च यांनी अवश्य लक्षात घ्यावे.

तिच्या कामांपैकी मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते जन्मनोंदणीचे. छावणीत जन्मलेल्या मुलाची नोंद चेन्नईतील श्रीलंकेच्या उपउच्चायुक्तालयात झाली नाही, तर ते मूल ना इकडचे ना तिकडचे, असे होते. ही गोष्ट या संस्थेच्या लोकांनी फार लवकर ओळखली आणि छावणीछावणीत बसून अर्ज भरले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मदतकार्यात याच निर्वासित स्वयंसेवकांनी स्थानिकांना आधार दिला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने सुमारे ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली, छावण्यांचे नाव ‘पुनर्वसन शिबिर’ असे बदलले आणि दीर्घकालीन तोडग्यासाठी सल्लागार समितीही नेमली. तेव्हा छावण्यांत सुमारे ५८ हजार आणि बाहेर सुमारे ३४ हजार लोक होते. घरे बांधली गेली, काही ठिकाणी फार चांगली बांधली गेली. पण नागरिकत्वाचा प्रश्न केंद्राच्या हातात आहे, नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत श्रीलंकेचा समावेश नाही, आणि त्या टेबलापाशी या संस्थेला स्थान नाही. माझ्या वर्गात छावणीतून येणारी एक मुलगी होती, तिची आईसुद्धा तमिळनाडूतच जन्मलेली. बारावीनंतरचा अर्ज भरताना ती ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यापाशी थांबली आणि तिने मला विचारले, ‘टीचर, येथे काय लिहू?’

झाडीपट्टी

मरीना यांनी आपल्या देशातील उदाहरण दिले म्हणून थोडक्यात भर घालतो, कारण असे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आम्ही तिला तिबेटी कॅम्पच म्हणतो. थंडीत तेथील बरीच घरे कुलूपबंद असतात, कारण माणसे गावोगावच्या बाजारांत स्वेटर विकायला गेलेली असतात. धरमशाला येथील तिबेटी प्रशासनाचा वसाहत अधिकारी तेथे असतो, आणि जमीन, वीज किंवा शिधापत्रिका यांबाबत जिल्हा कचेरीत कोणी जायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. ही माणसे आपली निर्वासित संसद आणि २००१ पासून त्या प्रशासनाचा प्रमुख (ज्याला आता सिक्योंग म्हणतात) थेट मतदानाने निवडतात. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना जमिनीचे भाडेपट्टे आणि योजनांचे लाभ देण्याविषयी सांगितले. बोलणी करायला समोर एक निवडून आलेली, कागदपत्रे सांभाळणारी संस्था असली की सरकारचेही काम सोपे होते, असे माझे निरीक्षण आहे.

कॅम्प चार

माझे आजोबा १९४७ मध्ये सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कोरडवाहू यांच्या शंकेचे उत्तर आमच्या इतिहासात आहे असे मला वाटते. कच्छमध्ये भाई प्रताप यांच्या पुढाकाराने निर्वासितांनीच ‘सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन’ काढले, कच्छच्या महारावांनी दिलेल्या १५ हजार एकर जमिनीवर गांधीधाम वसवले, आणि प्लॉटपासून शाळांपर्यंतचे निर्णय बऱ्याच अंशी स्वतः घेतले. हे शक्य झाले कारण आल्या दिवसापासून आम्हाला या देशाचे मानले गेले. मत होते, मालमत्ता घेता येत होती, व्यापार करता येत होता. रोहिंग्या किंवा श्रीलंकन तमिळ माणसात आमच्यापेक्षा उद्यमशीलता कमी आहे असे नाही. त्याला फक्त तो कागद मिळालेला नाही. म्हणून संस्थेच्या सहभागाची चर्चा करताना काम करण्याचा आणि संस्था नोंदवण्याचा हक्क आधी मागावा लागेल.

जमाखर्च

चर्चेमुळे माझे मत काहीसे बदलले आहे, हे मोकळेपणाने सांगतो. युगांडाच्या फेरमोजणीचा मुद्दा मला खोडता आला नाही. मी ज्या जोखमीची भीती घालत होतो, ती संस्थेच्या आकाराशी तितकीशी जोडलेली नाही.

आता व्यवहार्य मार्ग काय, ते सुचवतो. ५० लाखांच्या अनुदानाला लागणारी कागदपत्रे दोन लाखांच्या अनुदानाला मागू नयेत. लहान रकमेसाठी रोकडवही, पावत्या आणि दोन सह्यांचे बँक खाते पुरे. जेथे नोंदणीचा कायदा आडवा येतो, तेथे एखाद्या नोंदणीकृत संस्थेने फक्त खाते सांभाळावे आणि खर्चाचा निर्णय निर्वासितांच्या संस्थेकडे लेखी करारानेच ठेवावा. भारतात परदेशी निधीबाबत हे चालणार नाही, पण देशांतर्गत देणग्यांबाबत नोंदणीकृत संस्थांना हे करता येईल. मोठ्या संस्था अनुदानातून सर्वसाधारणपणे ७ टक्के प्रशासकीय वाटा घेतात. काम पुढे छोट्या संस्थेकडून करून घेतले, तर त्या वाट्याचा भाग तिलाही मिळाला पाहिजे, कारण लेखापालाचा पगार त्यातूनच निघतो. आणि हिशेब देणगीदाराकडे जाण्याआधी छावणीत मोठ्याने वाचला जावा, जसे रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात ग्रामसभेत हजेरीपट वाचतात. पैसे खाणाऱ्याला परदेशी लेखापरीक्षकापेक्षा शेजाऱ्यांची भीती अधिक वाटते, हा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

धागाकर्तीला एकच प्रश्न. जिनिव्हाच्या परिषदांत निर्वासितांना बसवल्याने खालच्या पातळीवर काही फरक पडतो का?

पिंपळपान

जमाखर्च, तुमचा हा प्रतिसाद मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना भाषांतर करून पाठवत आहे, आपली हरकत नसावी.

जिनिव्हाबद्दल. डिसेंबर २०१९ मधील पहिल्या जागतिक निर्वासित मंचावर सुमारे ३,००० प्रतिनिधींत निर्वासित सुमारे ७० होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,२०० जणांत ३०० हून अधिक होते. कॅनडाने आपल्या शिष्टमंडळात निर्वासित सल्लागार घेतला, तो मला या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सल्लागार मसुदा तयार होत असताना खोलीत असतो आणि पाहुणा मसुदा तयार झाल्यावर भाषण करतो. मात्र प्रवासाचे कागद आणि व्हिसा नसल्याने छावणीत राहणारी माणसे अशा ठिकाणी क्वचितच पोहोचतात. पोहोचतात ते बहुधा पाश्चात्त्य देशांत स्थायिक झालेले. त्यांचे काम मोलाचे आहे, पण कुतुपालोंगमधील बाईच्या जागी ते उभे राहू शकत नाहीत. म्हणून माझ्या मते जिल्ह्याच्या आणि छावणीच्या पातळीवरील समन्वय बैठक हीच खरी जागा आहे. शौचालयाचा दिवा, रेशनचा दर आणि शाळेची भाषा तेथे ठरते. २०२३ मध्ये रोहिंग्यांचे मासिक अन्नसाहाय्य माणशी १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणले गेले. घरातले कोणते जेवण बंद करायचे, हे त्यानंतर बायकांनी ठरवले.

नाईलकाठ यांच्या चाळीतील खडूच्या खुणा आणि कोरडवाहू यांच्या चुलतींची वही यांत मला एक समान गोष्ट दिसते. दोन्हींत नोंद ज्यांची होती त्यांच्याच हातात राहिली. आम्ही कुतुपालोंगमध्ये नेमके उलटे करत होतो.

त्या वयस्कर गृहस्थांबद्दल लिहायचे राहिले. त्यांच्या प्रश्नानंतर मी वरिष्ठांकडे बैठकीची टिपणे छावणीत परत नेण्याची परवानगी मागितली. ती तीन महिन्यांनी मिळाली. रोहिंग्या बोली बोलणाऱ्या दोन तरुणांनी टिपणे वाचून दाखवली, तेव्हा लोकांनी एकूण अकरा चुका काढल्या. त्यांतील एक अशी होती की, बायकांनी शौचालयापाशी दिवा मागितला होता आणि आमच्या अहवालात ‘पाण्याचा नळ’ असे नोंदले गेले होते. नळ बसवून झाला होता.